इनडोअर पूलमध्ये फायर अलार्म लावायचाय? आधी तिथली हवा बघा

आज समोर बरेचसे सोसायटीचे सेक्रेटरी, क्लबहाऊस मॅनेजर बसलेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हल्ली पुण्या-मुंबईच्या टॉवर्समध्ये बंदिस्त, गरम पाण्याचा पूल असतो आणि त्याच्या छताला लॉबीत लावतात तोच स्मोक डिटेक्टर लावलेला असतो. मग काय होतं, तो सारखा वाजतो, लोक वैतागतात, सिक्युरिटीवाला पॅनलवरून तो झोनच, म्हणजे त्या भागातले सगळे डिटेक्टर, आयसोलेट (बंद) करून टाकतो, आणि त्याच झोनवर चेंजिंग रूम पण असते हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

तो वाजतो का ते समजून घ्या. या स्मोक डिटेक्टरच्या (ऑप्टिकल प्रकारच्या) आत एक छोटा प्रकाशझोत असतो, धुराचे कण आत आले की प्रकाश विखुरतो आणि अलार्म होतो. पाण्याच्या बारीक थेंबांनीही तो तसाच विखुरतो, डिटेक्टरला दोन्ही सारखंच. अमेरिकेचा फायर अलार्मचा एनएफपीए ७२ कोड सांगतो की आर्द्रता ९३ टक्क्यांच्या वर किंवा तापमान ३८ डिग्रीच्या वर जात असेल तिथे स्मोक डिटेक्टर नको. तुम्ही म्हणाल आमच्या हॉलमध्ये एवढी आर्द्रता नसते, बरोबर आहे, दिवसा नसते, पण रात्री एसी आणि एक्झॉस्ट बंद केला की छताला पाणी सुटतं ना, डिटेक्टर तिथंच आहे!

म्हणून हॉलमध्ये ओल सहन करणारा, सीलबंद हीट डिटेक्टर लावा, म्हणजे धुरावर नाही तर उष्णतेवर वाजणारा. ५७ डिग्रीला वाजणारा सहज मिळतो. मात्र तोच सॉनामध्ये लावू नका, तिथं हवाच ८०-९० डिग्री असते, तिथं जास्त रेटिंगचा लागतो. लॉबीतला स्मोक डिटेक्टर पण पूलच्या दारापासून लांब घ्या, दार उघडलं की वाफ बाहेर येतेच.

आणि आग लागते कुठे? पाण्यावर नाही लागत. पंप रूम, इलेक्ट्रिक पॅनल, हीटर, चेंजिंग रूममधले हेअर ड्रायर, आणि केमिकलची खोली. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या टॅब्लेट एकाच डब्यात किंवा एकाच स्कूपने हाताळल्या तर नुसत्या एकत्र येण्याने पेट घेऊ शकतात, हे तुमच्या पूल ऑपरेटरला आजच सांगा. डिटेक्शनचा पैसा आधी या खोल्यांवर खर्च करा, हॉलवर नंतर.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पूलमध्ये जो क्लोरीनचा वास येतो तो घाम आणि लघवीशी क्लोरीनची रिअ‍ॅक्शन होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो, आणि ही हवा धातू खाते. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी १९८५ साली पूलचं काँक्रीटचं सीलिंग कोसळून १२ माणसं गेली, सीलिंग ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर लटकलं होतं त्यांना आतून तडे गेले होते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या पूलमध्ये छताला लावलेले स्पीकर खाली पडले आणि एक बाळ गेलं, कारण तेच, गंजलेले स्टेनलेस फिक्सिंग. स्पीकर! म्हणजे आपण हूटर (अलार्मचा भोंगा) लावतो तसलीच वस्तू. कॉन्ट्रॅक्टर स्टेनलेस स्टीलच्या ३०४ किंवा ३१६ ग्रेडचा बोल्ट दाखवून "साहेब हे गंजत नाही" म्हणेल, पण छताजवळ जिथं तो कधी धुतला जात नाही तिथं क्लोराइड साठत राहतं आणि वरून चकचकीत दिसणारा बोल्ट एक दिवस तुटतो. तिथं १.४५२९ सारखा स्टेनलेसचा खास ग्रेड लागतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे पाण्याच्या वर काहीच लटकवू नका. हूटर भिंतीवर घ्या, प्लॅस्टिक बॉडीचं, आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग) किंवा वरचं, आणि काठापासून लांब, आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रिकल मानकांच्या) नियमात काठापासून २ मीटर आणि उंचीला अडीच मीटर हा झोन १, म्हणजे पाण्यामुळे विजेचा धोका असलेला भाग आहे. केबल खालून आत घ्या आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथलं फिटिंग) नीट सील करा, नाहीतर कंड्युटमधून (केबलच्या पाइपमधून) ओली हवा थेट उपकरणाच्या बेसमध्ये शिरते.

हूटरचा आवाज वाढवून फायदा नसतो. टाइल्स, काच, पाणी, सगळीकडून आवाज परत येतो आणि घोषणा केली तर एक शब्द कळत नाही. त्याऐवजी कमी आवाजाचे दोन-तीन जास्त घ्या आणि सोबत फ्लॅशर (चमकणारे दिवे) पाहिजेतच, कारण पोहणाऱ्याचे कान पाण्यात असतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर तोच एक इशारा.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावाच लागतो. त्या वेळी एजन्सीला पूल हॉलमध्ये पण घेऊन जा, एका डिटेक्टरचा बेस उघडून टर्मिनलवर (वायर जोडतात तिथं) गंजाचा हिरवा थर आलाय का ते तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि ड्रिल संध्याकाळच्या मुलांच्या बॅचला घ्या, लाइफगार्डने शिटी मारल्यापासून शेवटचं मूल अनवाणी, ओलं, कपड्यांसाठी लॉकरकडे न वळता बाहेर पोचेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा.