आत जायची वाट, बाहेर यायची वाट

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. कवेलूचं घर. आंगणात चिटपाखरू नाही.)

दुपारचे दोन वाजलेत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तर अजून यायचेच आहेत. माणसं कूलरसमोर, ढोरं गोठ्यात. कुत्रं कुठे आहे?

रांजणाखाली बघा. जिथे पाणी झिरपून माती ओली होते, तिथे त्यानं पायानं उकरून खड्डा केलाय आणि पोट टेकवून पडलंय. त्याला हे कुणी शिकवलं नाही. पोटाला केस कमी, म्हणून गारवा तिथूनच आत शिरतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा येतो तो पंज्यांच्या गाद्यांना. बाकी सगळी भिस्त जिभेवर. धापा टाकताना जीभ आणि श्वासनलिकेवरचं पाणी उडून जातं आणि अंग थंड होतं. आपला कूलर असाच चालतो. त्याची टाकी कोरडी पडली की नुसता पंखा फिरतो. कुत्र्याच्या अंगातलं पाणी संपलं की नुसती धाप उरते. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की कूलर काम करत नाही, तेव्हा कुत्र्याची धापही तशीच कमी पडते. ऊन उतरलं म्हणून त्या दिवसांत गाफील राहू नका.

(दृश्य: शेततळं. काळा प्लास्टिक कागद उन्हात चमकतोय.)

हे आमच्या शेतातलं तळं. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगाव अशी तळी झाली. पाणी मुरू नये म्हणून अनेकांनी आत प्लास्टिक अंथरलं. पाण्यासाठी ते चांगलंच आहे. कुत्र्यासाठी मात्र तो घसरगुंडीचा खड्डा आहे.

आमचा वाघ्या एका संध्याकाळी पाणी प्यायला वाकला आणि घसरला. पोहता येत होतं त्याला. काठाशी आला, नखं मारली, घसरला. पुन्हा आला, पुन्हा घसरला. कागदावर नखांचा तो खरखर आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. भावानं कंबरेला कासरा बांधून उतरून त्याला काढलं. रात्री तो खोकू लागला. पशुवैद्यकांनी सांगितलं की फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो, तेव्हा बुडता बुडता वाचलेलं कुत्रं ठीक दिसलं तरी दाखवायला आणायचंच.

‘कुत्र्याला पोहणं जन्मतःच येतं’ असं आपण म्हणतो. हातपाय मारता येतात, हे खरं. पण ते बुडतं ते बहुतेकदा दमून, बाहेर पडायला जागा न सापडल्यामुळे. म्हणून पाणी किती खोल आहे याच्याआधी मी एकच बघतो: हे बाहेर कुठून येईल?

गोसेखुर्द धरणाच्या नहरांचे, म्हणजे कालव्यांचे, सिमेंटचे उतार, कठडा नसलेली विहीर, वैनगंगेच्या पात्रात रेती उपसून पडलेले डोह. इथे बाहेरची वाट नाही. तिथे कुत्र्याला खेळायला सोडूच नका.

शेततळ्याला आधी जाळीचं कुंपण. आणि एका कोपऱ्यात ही बघा, बांबूची शिडी. गोणपाट गुंडाळलंय, म्हणजे नखं रुततात आणि कागद फाटत नाही. वरचं टोक खुंटाला बांधलेलं, खालचं पाण्यात बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तशी शिडी खाली सरकवावी लागते. वाघ्याला कासरा लावून तिच्यावरून दहा वेळा वर आणलं, तेव्हा त्याला ती कळली.

(दृश्य: तलावाचा काठ, बैल पाण्यात.)

भंडारा-गोंदियाकडचे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, याबाबतीत फार चांगले. बैल जिथून धुवायला उतरतात तो उतार कुत्र्यालाही चालतो. पायाखाली जमीन, पाणी पोटापर्यंत, बस. पण मे महिन्यात तलाव आटतो, पाणी थांबतं. त्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय दिसली तर पाय घालू देऊ नका. त्यातलं काही शेवाळ इतकं विषारी असतं की कुत्रं काही तासांत दगावू शकतं.

(दृश्य: आंगण. घमेलं, पाइप, शेपटी हलवणारा वाघ्या.)

खरी मजा मात्र घरीच. एक मोठं घमेलं किंवा जुन्या कूलरची टाकी, सावलीत ठेवलेली. पाणी त्याच्या कोपरापर्यंत. फवारणीचा किंवा खताचा ड्रम कापून हौद करू नका, कितीही धुतला तरी. लोखंडी घमेलं उन्हात राहिलं तर पोळतं, आणि पाइपमध्ये साचलेलं पहिलं पाणी तर उकळल्यासारखं येतं. ते आधी झाडाच्या आळ्यात सोडा, हातावर घेऊन बघा, मग कुत्र्याकडे वळवा. पायांपासून सुरुवात करा. तोंडावर धार नको, ढकलून आत टाकणं तर नकोच. भीती एकदा बसली की निघायला फार दिवस लागतात.

काही कुत्री पाइपची धार चावत सुटतात. बघायला गंमत वाटते, पण प्रत्येक चाव्यासोबत पाणी पोटात जातं. फार पाणी गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. मग ओकारी, फुगलेलं पोट, लडखडणारे पाय. जिवावर बेततं. दहा-पंधरा मिनिटं खेळ, मग सावलीत विश्रांती. सुट्टीत शहरातून येणाऱ्या पाहुण्यांच्या चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला तर याहूनही कमी वेळ. त्याला धड धापही टाकता येत नाही आणि पोहायलाही जमत नाही. खेळून झालं की कान कोरडे पुसा. घमेलं रोज पालथं करा, नाहीतर डास होतात.

आणि ऊन लागलंच तर? धाप थांबत नाही, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या देणारी. सावलीत न्या, साधं पाणी पोटावर, जांघेत, पंज्यांवर ओतत राहा, समोर कूलर लावा. बर्फ नको. ओलं पोतं अंगावर झाकू नका, आतली वाफ कोंडते; ते खाली अंथरा. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी, बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. आधी थंड करा, मग दवाखाना. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

(दृश्य: सूर्य कलला. रस्त्यावरची धूळ बसतेय.)

साडेसहा वाजले. हाताची मागची बाजू सिमेंटवर टेकवून बघितली, आता पोळत नाही. वाघ्या घमेल्यातून बाहेर आला, अंग झटकलं, आमच्या सगळ्यांवर शिंतोडे उडवले. रांजणाजवळ फुटक्या माठाचा बुडखा मातीत पुरून ठेवलाय, त्यात पाणी गार राहतं. गल्लीतली काळी कुत्री आपल्या दोन पिल्लांना घेऊन तिथे आली आहे. वाघ्या जरा गुरगुरला. मग बाजूला झाला.