मीटरची चावी

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका कोपऱ्यावरच्या दुकानात माझा पहिला दिवस होता. सकाळचे साडेसहा. दार उघडून आत आलेल्या पहिल्याच आजींनी मला हाक मारली, "ए अप, मी डक!" डक म्हणजे बदक, एवढंच मला ठाऊक. माझ्या उभं राहण्यात काही खोट आहे की काय, म्हणून मी जरा ताठ झालो. मग आजींनी दोन 'कॉब' मागितले. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत कॉब म्हणजे मक्याचं कणीस. मी नम्रपणे सांगितलं, मका संपलाय. मागच्या खोलीत खोकी फोडत बसलेले दुकानमालक खोकला येईपर्यंत हसले. त्या भागात कॉब म्हणजे गोल पाव, 'ए अप' म्हणजे राम राम, आणि डक म्हणजे आपलं 'बाळा'. चाळिशीतला ट्रकवालाही बाळा, आणि मीही बाळा.

ही गोष्ट सप्टेंबर 2015 ची. मी तिथे एमएससीला होतो. विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. ऑक्टोबरपासून माझ्या वयाला कायद्यानं किमान मजुरी ताशी 6 पौंड 70 पेन्स झाली. तेवढीच मला मिळायची, पण वेळच्या वेळी. तास मी मोजायचो त्यापेक्षा मालक बारकाईनं मोजायचे. मी त्यांना काका म्हणायचो. ते गुजराती, त्यामुळे त्यांनाही ते ऐकायला परकं वाटत नसे.

काकांचा जन्म युगांडातला. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा ते शाळेत होते. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, कृपया इकडे येऊ नका. काका म्हणायचे, ती जाहिरात वाचूनच तर आमच्या बापूजींना कळलं की लेस्टर नावाचं गाव आहे! वडिलांनी आधी होजियरीच्या गिरणीत काम केलं आणि मग हे दुकान घेतलं. काकांना आता दुकानाचा कंटाळा आला होता. पण बंद करायचं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

आता दुकानाबद्दल सांगतो. एका बाजूला दूध, पाव, डबे. काउंटरच्या मागे सिगारेटी, पण त्यांच्यापुढे सरकती दारं. त्याच वर्षी एप्रिलपासून लहान दुकानांतही सिगारेटी उघड्या दिसता कामा नयेत असा कायदा लागू झाला होता. गिऱ्हाईक मागेल तेव्हा दार सरकवायचं, पाकीट काढायचं, लगेच दार बंद. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी अभ्यासक्रम सोडून पाकिटांच्या ओळी पाठ करत होतो.

आणि ओळखपत्र! दारू-सिगारेट अठराच्या वर. पण दुकानाचा नियम असा की पंचविशीच्या आतला वाटला की विचारायचंच. तपासणी खात्याची माणसं मधूनच खरोखरच अठराखालच्या पोराला पाठवून परीक्षा घेतात. दारूच्या बाबतीत चूक झाली, तर जागच्या जागी 90 पौंडांचा दंड, तोही विकणाऱ्याच्या खिशातून. माझी तेरा-चौदा तासांची कमाई. मी विचारत सुटलो. गंमत बघा, विमानतळापासून बँकेपर्यंत ज्याला जो तो कागद मागत होता, तो मी आता त्या गल्लीत जन्मलेल्यांना कागद मागत होतो. एका तरुणीनं मला खडसावलं, "माझी आई तुझ्या जन्माआधीपासून इथे दूध घेते!" तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं, वाइनची बाटली मी परत फळीवर ठेवली. असे नकार लिहायला एक वही असते: तारीख, वेळ, माल, माणसाचं वर्णन. मी लिहिलं, 'लाल कोट, फार राग.' काकांनी ते वाचलं आणि दुसरा भाग खोडून टाकला. म्हणाले, रागाचं वय विचारत नाही कुणी.

रविवार आमचा. इंग्लंडमध्ये 280 चौरस मीटरहून मोठ्या दुकानाला रविवारी सहाच तास उघडं राहता येतं. लहान दुकानांना ती अट नाही. सुपरमार्केटची दारं संध्याकाळी बंद झाली की आमची घंटी वाजायला लागायची. मार्च 2016 मध्ये ही मुभा मोठ्यांनाही द्यायचा अधिकार नगरपालिकांना देण्याचा सरकारचा प्रस्ताव संसदेत 317 विरुद्ध 286 मतांनी पडला. राजकारणावर कधी चकार शब्द न काढणाऱ्या काकांनी त्या रात्री मला फुकट चॉकलेट दिलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण त्या कामात होतं काय एवढं? सांगतो.

काउंटरवर एक पिवळं यंत्र होतं. तिथल्या बऱ्याच घरांत विजेचा आणि गॅसचा मीटर आगाऊ पैसे भरायचा असतो. विजेची प्लॅस्टिकची चावी, गॅसचं कार्ड. दुकानात आणायचं, पैसे भरायचे, घरी जाऊन मीटरमध्ये घालायचं. पैसे संपले तर मीटर थोडी उधारी देतो, पण पुढच्या वेळी भरलेल्यातून ती आधी वळती होते. म्हणजे 5 पौंड भरून घरी गेलेल्या माणसाच्या हाती पाचच्या पाच लागतातच असं नाही. दुकानाला त्यातून काही पेन्स सुटत. काकांना ते यंत्र परवडत नव्हतं, पण काढवतही नव्हतं.

नोव्हेंबरपासून मला कळायला लागलं की कोणाच्या घरात थंडी आहे. नाव मला कोणाचंच माहीत नाही. पण एक गृहस्थ सोमवारी 10 भरायचे, ते 5 वर आले, मग 3 वर, आणि एकदा खिशातली सगळी नाणी मोजून 2 वर. बोलायचो आम्ही हवेबद्दल. इंग्रज माणूस हवेबद्दल एवढं का बोलतो, हे कोडं मला तिथे सुटलं. घरातल्या थंडीबद्दल बोलायचं नसतं, म्हणून बाहेरच्या थंडीबद्दल बोलायचं.

माझ्याही खोलीवर चावीचाच मीटर होता. आम्ही चौघं भाडेकरू, पाळीपाळीनं भरायचो. जानेवारीत माझी पाळी आली आणि खात्यात काही उरलं नव्हतं. मी माझी चावी त्याच यंत्रात घातली, 2 पौंड दाबले आणि पावती पटकन खिशात टाकली. काका वर्तमानपत्र वाचत होते. काही बोलले नाहीत. जास्त तास त्यांना देता आले नसते, तो कायदा दोघांनाही माहीत. निघताना दाराशी एक पिशवी दिसली. त्या दिवशी तारीख संपलेले पाव, चार डबे. 'बेस्ट बिफोर' उलटलं म्हणजे माल खराब झाला असं नसतं, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. पिशवीबद्दल मात्र तेही बोलले नाहीत, मीही नाही. पुढे दर शनिवारी ती असायची.

रात्रीचं शेवटचं काम परतीचं. न खपलेली वर्तमानपत्रं मोजायची, आकडे कागदावर भरायचे, गठ्ठा बांधून ठेवायचा; पहाटे नवे पेपर टाकणारा तो घेऊन जातो. वर्षभरात एकाच दिवशी मी हे केलं नाही. 2 मे 2016 ला, सोमवारी, गावच्या फुटबॉल संघानं, लेस्टर सिटीनं, प्रीमियर लीग जिंकली. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांचा भाव होता एकाला 5000. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत सगळे पेपर संपले. कधीही न बोलणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. लाल कोटवाली तरुणी आली, आज निळ्या जर्सीत. तिनं मी विचारायच्या आधीच ओळखपत्र काउंटरवर आपटलं आणि म्हणाली, "घे, डक!"

सप्टेंबरमध्ये मी खोली सोडली. शेवटच्या दिवशी मीटर बघितला. 3 पौंड 40 पेन्स शिल्लक होते. चावी तशीच मीटरमध्ये ठेवली, पुढचा भाडेकरू कोण ते मला माहीत नव्हतं.

नमस्कार.