दुकानाच्या काचेवरचा 'योग्य पोशाख'

नमस्कार. अनेक दुकानांच्या दारावर 'योग्य पोशाखातच प्रवेश' अशी एक ओळ लावलेली असते. 'योग्य' म्हणजे नेमके काय, हे मात्र तिथे कोणी लिहीत नाही, आणि ग्राहकांच्या वाट्याला येणारा बराचसा अपमान या मोघमपणातूनच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका दुकानाच्या दारात मी हे जवळून पाहिले आहे. इस्त्री केलेली अर्धी चड्डी घातलेला एक गृहस्थ सहज आत गेला. त्याच्या मागोमाग आलेल्या रंगकाम करणाऱ्या माणसाला, त्याची विजार पायघोळ असूनही, केवळ कपड्यांवर रंगाचे डाग आहेत म्हणून रक्षकाने थांबवले. त्याने हातातली सामानाची यादी पुढे करून दाखवली, तरी उपयोग झाला नाही. काचेवर डागांविषयी एक अक्षरही नव्हते.

याउलट, जानेवारी 2010 मध्ये वेल्समधील कार्डिफच्या एका सुपरमार्केटने अनवाणी आणि झोपण्याच्या कपड्यांत येऊ नये, अशी सूचना लावली. तिच्यावर बरीच टीका झाली आणि मलाही ती कडक वाटते; परंतु काय चालणार नाही हे तिने नाव घेऊन सांगितले होते, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वीच ग्राहकाला नियम कळत होता.

पादत्राणांच्या बाबतीत एक गैरसमज फार रुजलेला आहे. अमेरिकेत अनवाणी आणि उघड्या अंगाने येणाऱ्यांना सेवा मिळणार नाही, अशा पाट्या सर्रास दिसतात आणि तो आरोग्य खात्याचा कायदाच आहे, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ग्राहकाने पायात काही घातलेच पाहिजे असा संघीय कायदा तिथे नाही. तो दुकानदाराचा स्वतःचा नियम असतो. फरशीवर बरणी फुटून काचा पसरल्या तर कोणाचा पाय कापू नये, हे त्यामागचे कारण मला पटते. न्यूझीलंडमध्ये मात्र सुपरमार्केटमध्ये अनवाणी फिरणारे लोक सहज दिसतात.

गावाचा नियम ही वेगळी गोष्ट आहे. इटलीतील सोरेंतो शहराने 2022 मध्ये पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने शहरात फिरणाऱ्यांना 25 ते 500 युरो दंड ठरवला. दुकानदाराला असा दंड करता येत नाही. तो फार तर प्रवेश नाकारू शकतो, आणि त्या अधिकारालाही मर्यादा आहेत. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यानुसार, सर्वांना सारखाच दिसणारा नियम जर विशिष्ट धर्माच्या किंवा अपंग व्यक्तींना अधिक जाचक ठरत असेल, तर त्यामागे रास्त कारण असल्याचे दुकानालाच सिद्ध करावे लागते. पायाला सूज असल्यामुळे चप्पल न चढणाऱ्या ग्राहकाला दारातून परत पाठवणे म्हणूनच गंभीर आहे.

तुम्हाला कोणी अडवले, तर आवाज न चढवता नियम कुठे लिहिला आहे ते विचारा आणि व्यवस्थापकाला बोलावण्याची विनंती करा. दुकान तुमचे असेल, तर 'योग्य' हा शब्द आजच खोडून तिथे नेमके काय घालून येऊ नये ते लिहा.