भाषा सक्तीची, मार्क नकोत

श्रोतेहो, नमस्कार. शाळेत आपल्या भाषेखेरीज आणखी एक भाषा सक्तीची असावी का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच ताटकळायला नको. असावी. पण तिचे मार्क धरू नयेत. पुन्हा सांगतो, भाषा सक्तीची, मार्क नकोत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये सुधारित निघाला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाल्याची घोषणा झाली. पहिलीतल्या पोरांवर तिसरी भाषा नको, हे मलाही पटतं. पण त्या भांडणात कुठली भाषा आणि कितवीपासून, एवढंच गाजलं. पोरगं ती बोलणार कुणाशी, हे राहूनच गेलं.

आता आमच्या पुण्यातल्या वाड्यातली गोष्ट ऐका. पालखीच्या दिवसांत तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी, माउली भवानी पेठेत. तेव्हा आमच्याकडे एक दिंडी उतरते. वारकऱ्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देताना फोटो काढणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचंय, ते पुन्हा कधीतरी. गरम पिठलं-भाकरी वाढा, नाहीतर वाटेतून बाजूला व्हा.

तर एका वर्षी दिंडीत कर्नाटकातल्या एक आजी होत्या. इरकली लुगडं, कपाळाला बुक्का. पान वाढलं, पण आजी जेवेनात. भाकरी उचलायच्या, परत ठेवायच्या आणि तोंडाकडे बोट करायच्या. पाणी दिलं, नको. केळं दिलं, ते खाल्लं, पण पुन्हा बोट तोंडाकडेच!

माझी पुतणी पुढे झाली. दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत, त्यात नव्व्याण्णव. ताटाकडे हात करून म्हणाली, "भोजनम्, भोजनम्." आजींनी हात जोडून तिला नमस्कार केला. मग वहिनीनं पाचवीपासूनचं हिंदी काढलं. तेही वाया. शेवटी शेजारचे डॉक्टर बीपीचं मशीन घेऊन आले, बॅटरीच्या उजेडात जीभ बघितली आणि म्हणाले, "तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स द्या."

एवढ्यात काकू जिना उतरून आली. माहेर अक्कलकोट, शिक्षण सातवी. आजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ऊटा आतेन्री, अव्वा?" म्हणजे कन्नडमध्ये, जेवण झालं का, आजी? झालं! आजी जे सुटल्या, ते थांबेचनात. कवळी हो, कवळी! गाठोड्यात बांधलेली, गाठोडं दिंडीच्या ट्रकमध्ये आणि ट्रक उभा पार पूलगेटला. एक पोरगा स्कूटरवरून गेला आणि कवळी स्टीलच्या डब्यात घेऊन आला. तोवर काकूनं भाकरी दुधात कुस्करून आजींना भरवली होती. पुढे रात्री उशिरापर्यंत दोघींचं चाललं होतं, ज्वारीचा भाव आणि सुना. डॉक्टर आपलं मशीन विसरून गेले, ते दुसऱ्या दिवशी नेलं.

काकू कन्नड वर्गात शिकली नाही. तिकडे सीमेवर एका ओट्यावर दोन्ही भाषांची घरं, शाळाही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या. पुण्यात तसं होत नाही. रास्ता पेठेत तमिळ घरं आहेत, कॅम्पात गुजराती आहेत, सोसायटीच्या बांधकामावर तेलुगू कुटुंबं राहून जातात. आपलं दार मात्र बंद. रिक्षावाला मराठी असला तरी आपण हिंदीतच सुरू करतो, म्हणजे धड आपलीही नाही आणि त्याचीही नाही. आपोआप कानावर पडत नाही, म्हणून शाळेनं सक्ती करावी, असं मी म्हणतो.

मार्क नसले तर पोरं शिकतील का, असं पालक विचारतात. मार्क होते, तेव्हा पुतणी किती बोलली?

अडचण आहे ती शिक्षकांची. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट साठपर्यंत असेल, तर कायद्यानं शिक्षक मिळतात दोन. ते गणित शिकवतील, पोषण आहाराची नोंद ठेवतील की तिसरी भाषा घेतील? म्हणून पाचवीनंतर सुरू करा. भाषा पालकांना निवडू द्या, त्या यादीत कन्नड, तेलुगू, गुजरातीही असू द्या. वही नको, नुसतं बोलणं. शिकवायला त्या त्या भाषेची माणसं गावातच मिळतील, अगदी निवृत्त झालेलीसुद्धा. त्यांना तासाचं मानधन द्या, आणि ते त्याच महिन्यात द्या.

नमस्कार.