वीत, हात, वाव

(दृश्य: नागपुरातल्या सीताबर्डीचा फूलबाजार, पहाट. हार मोजणारे हात, जवळून.)

हाराचं एक टोक मधल्या बोटाच्या शेंड्याशी धरायचं आणि हार कोपरापर्यंत न्यायचा. हा झाला एक हात. तिथे चिमटीत धरलेली जागा पुन्हा बोटाच्या शेंड्याशी आणली की दुसरा मोजायला सुरुवात.

मनगट बघा, सरळ आहे. ते आत वळलं की प्रत्येक हातामागे बोटभर हार कमी भरतो. हार ओढून धरला तर गिऱ्हाइकाचं नुकसान, सैल सोडला तर विकणाऱ्याचं.

चार बोटं जुळवली की एक मूठ. तीन मुठींची वीत, दोन वितींचा हात, चार हातांची वाव. दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं अंतर, तेवढी वाव, आणि ती जवळपास आपल्या उंचीएवढीच भरते. सगळ्यात लहान माप अंगुळ. हातात 24 अंगुळं. हात 18 इंचांचा धरला तर अंगुळ पाऊण इंचाचं.

पण कोणाचा हात? उंच माणसाचा आणि ठेंगण्या बाईचा हात दोन-तीन बोटांनी सहज वेगळा असतो. हा प्रश्न जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंगुळ म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी, किंवा शेजारी शेजारी ठेवलेले आठ जव. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची होती. तीही कोणाच्या तरी अंगावर सोडलेली नव्हती. तसू हे लांबीचं जुनं लहान माप. हात 14 तसूंचा आणि अख्खी काठी 82 तसूंची, असं ठरवून दिलेलं होतं. 1956 च्या वजन-मापांच्या कायद्याने मीटर आला आणि व्यवहारातून ही मापं मागे पडली.

(दृश्य: चितार ओळ, नागपुरातल्या महाल भागातली मूर्तिकारांची गल्ली. तणसाचे म्हणजे भाताच्या पेंढ्याचे सांगाडे, चिखल, बांबू.)

बाजारासाठी मीटरच बरोबर. एका अंगाचं माप दुसऱ्या अंगाला लागू होत नाही. मूर्तीत मात्र माप त्याच अंगातलं त्याच अंगाला लावायचं असतं, आणि तिथे अंगुळाइतकं खरं माप दुसरं नाही.

देवीची उभी मूर्ती नवतालाची. एक ताल म्हणजे 12 अंगुळं, म्हणजे उंची 108 अंगुळं. हे अंगुळ कारागिराच्या बोटाचं नाही, मूर्तीचं स्वतःचं. शुक्रनीती या जुन्या संस्कृत ग्रंथात त्याची वाटणी दिली आहे. चेहरा 12, मान 4. गळ्यापासून छातीपर्यंत 12, छातीपासून बेंबीपर्यंत 12, तिथून ओटीपोटाच्या खालपर्यंत 12. मांडी 24, गुडघा 4, पोटरी 24, घोट्याखालचं पाऊल 4. बेरीज करून बघा. मुकुट या हिशेबाबाहेर.

(दृश्य: कागदाची पट्टी, घड्या घालणारी बोटं.)

यासाठी फूटपट्टी लागत नाही. मूर्तीच्या उंचीएवढी कागदाची पट्टी घ्यायची. तिचे आधी तीन भाग करायचे, मग प्रत्येकाचे पुन्हा तीन. झाले नऊ ताल. एका तालाचे निम्मे, निम्म्याचे निम्मे, आणि त्या चतकोराचे तीन भाग. हे एक अंगुळ. सगळ्या घड्या एकावर एक घालू नयेत. जाडीमुळे बाहेरची घडी लांब पडते आणि शेवटचा ताल आखूड निघतो. तीन भाग केले की पट्टी उघडायची, खुणा करायच्या, मग पुढची घडी. खुणा नंतर बांबूच्या कामटीवर उतरवायच्या, कारण ओल्या हातात कागद टिकत नाही आणि कापड ताणलं जातं.

(दृश्य: मानेवर लिंपण.)

पहिली चूक सांगाड्यात होते. तणस पूर्ण मापाने बांधलं तर माती चढवायला जागाच उरत नाही आणि मूर्ती फुगते. म्हणून सांगाडा मातीच्या थराएवढा बारीक ठेवतात. दुसरी चूक इथे, मानेत. खांद्यावरची माती वर सरकते, हनुवटीची खाली येते आणि चार अंगुळांच्या मानेची दोन अंगुळं राहतात. अशी देवी बसकी दिसते. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. कामटी लावली की लगेच कळतं.

चेहऱ्याचे तीन सारखे भाग: केसांच्या रेषेपासून भुवया 4, नाक 4, नाकाखालून हनुवटी 4. हे आपल्या चेहऱ्यावरही मोजून बघता येतं. मनगट हनुवटीला टेकवा. मधलं बोट साधारण केसांच्या रेषेपर्यंत पोचतं.

(दृश्य: वाळत ठेवलेल्या मूर्ती.)

माती वाळली की आक्रसते. ओल्या मूर्तीची कामटी आता लावली तर प्रत्येक खूण चुकलेली दिसेल, आणि नवखा कारागीर घाबरून माती वाढवतो. माती वाढवायची नाही. वाळलेल्या मूर्तीची उंची नव्याने घ्यायची आणि तिचेच 108 भाग करायचे. थर सगळीकडे सारखा असेल तर अंगं एकाच प्रमाणात आक्रसलेली असतात, हिशेब पुन्हा जुळतो. न जुळलेली जागा बहुतेक बोटांची किंवा मनगटाची असते. तिथली माती पातळ, ती आधी वाळते आणि तडकते. तेवढाच भाग ओला करून दुरुस्त करतात, मग रंग.