पाकिटातून आलेलं मूलद्रव्य
(नाशिक इथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हाडांचा स्कॅन ज्यांनी करून घेतलाय, त्यांनी जरा हात वर करा. सात-आठ जण दिसताहेत. तुमच्या शिरेत जे टोचलं, त्यातलं मूलद्रव्य निसर्गात शोधायला गेलात तर जवळजवळ सापडत नाही. टेक्नेशियम. अणुक्रमांक ४३. माणसानं कृत्रिमरीत्या तयार केलेलं हे पहिलं मूलद्रव्य.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीफनं १८७१ च्या आपल्या मूलद्रव्यांच्या सारणीत मँगनीजच्या खाली एक घर रिकामं ठेवलं आणि त्याला नाव दिलं ‘एक-मँगनीज’. हे ‘एक’ आपलंच, संस्कृतातलं. पुढची साठ-पासष्ट वर्षं रसायनशास्त्रज्ञ खनिजं कुटत बसले. १९२५ मध्ये जर्मनीत नोडाक, टाके आणि बर्ग यांनी ‘सापडलं’ म्हणून जाहीर केलं, ‘मसुरियम’ असं बारसंही उरकलं. पण दुसऱ्या कुणाला ते काही सापडेना. त्याच तिघांनी शोधलेलं ऱ्हेनियम मात्र खरं निघालं.

सापडलं ते भंगारात. अमेरिकेत बर्कलीला भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्सचं सायक्लोट्रॉन होतं, म्हणजे अणूंतल्या कणांना गरगर फिरवून प्रचंड वेग देणारं यंत्र. त्यात मॉलिब्डेनमची एक पट्टी कित्येक महिने कणांचा मारा खात होती. १९३७ च्या सुरुवातीला लॉरेन्सनं ती पट्टी पाकिटात घालून सिसिलीतल्या पालेर्मोला भौतिकशास्त्रज्ञ एमिलिओ सेग्रेकडे धाडली. हो, टपालानं! आज असं पाकीट कुणी टपालात टाकून बघा. सेग्रेच्या विद्यापीठात धड यंत्रं नव्हती, पण कार्लो पेरिए नावाचा खनिजशास्त्राचा जाणकार प्राध्यापक होता. दोघांनी पट्टी विरघळवली आणि किरणोत्सार नेमका कुठल्या मूलद्रव्याबरोबर जातो ते पाहत गेले. झिर्कोनियमबरोबर नाही, नायोबियमबरोबर नाही, खुद्द मॉलिब्डेनमबरोबरही नाही. वागणूक सगळी ऱ्हेनियमसारखी. मॉलिब्डेनमचा क्रमांक ४२. त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन वाढला की झाला ४३. घर भरलं होतं. दुसऱ्याच वर्षी इटलीत ज्यूविरोधी कायदे आले आणि बर्कलीला गेलेल्या ज्यू सेग्रेची पालेर्मोची नोकरी गेली. विद्यापीठाला पालेर्मोच्या जुन्या नावावरून ‘पॅनॉर्मियम’ हे नाव हवं होतं. १९४७ मध्ये दोघांनी ग्रीक ‘टेक्नेटॉस’, म्हणजे कृत्रिम, यावरून टेक्नेशियम ठरवलं. बरं केलं.

मग हे निसर्गात का उरलं नाही? कारण याचा एकही समस्थानिक, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेलं रूप, स्थिर नाही. सर्वांत दीर्घायुषी आहे त्याचंही अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, चाळीसेक लाख वर्षं. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. सुरुवातीचं सगळं कधीच संपलं. युरेनियमच्या खनिजात नखभरही म्हणता येणार नाही इतकं नव्यानं तयार होत असतं, तेवढंच. १९५२ मध्ये मात्र खगोलशास्त्रज्ञ मेरिल यांना काही लाल ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, याच्या रेषा दिसल्या. तारे म्हातारे, मूलद्रव्य अल्पायुषी. म्हणजे ते तिथे तेव्हाही घडत होतं. तारे नुसते जळत नाहीत, मूलद्रव्यं रांधतात, याचा तो पहिला सज्जड पुरावा.

दवाखान्यात येतं ते टेक्नेशियम-९९एम, याचंच एक रूप. १९३८ मध्ये सेग्रे आणि सीबोर्ग यांना सापडलेलं, अर्धायुष्य सहा तास. एवढं नाशवंत औषध दूरच्या गावी न्यायचं कसं? ते नेतच नाहीत. मॉलिब्डेनम-९९ नेतात, त्याचं अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या जाड आवरणातल्या नळकांड्यात ते हळूहळू टेक्नेशियम होत राहतं. सकाळी वरून मिठाचं पाणी सोडलं की टेक्नेशियम खाली उतरतं आणि मॉलिब्डेनम आतच राहतं. या क्षेत्रातले लोक याला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार निघते. आठवडाभरात गाय आटते, मग दुसरी आणायची.

मघाशी समोरच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, ‘स्कॅननंतर नातवाला कडेवर घेऊ का?’ आजी, सकाळी आठला टोचलं तर दुपारी दोनला निम्मं, रात्री आठला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सोळावा हिस्सा. लघवीवाटे जातं ते वेगळंच. डॉक्टर सांगतील तेवढे तास थांबा, पाणी भरपूर प्या. मग घ्या की.