घोड्यावरून उतरलेला सेनापती

आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात तुमच्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. तिथे रोल्स-रॉईसची एक जुनी चिलखती गाडी आहे. पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, लांब तोफेच्या रणगाड्यांकडे धावतात. मला मात्र आज त्या गाडीपासूनच सुरुवात करायची आहे. १९२८ साली ब्रिटनने आपल्या दोन घोडदळ रेजिमेंटांचे घोडे काढून घेतले आणि त्यांना चिलखती गाड्या दिल्या. त्यातली एक बारावी लान्सर्स. लान्सर म्हणजे भालाईत. पिढ्यान्‌पिढ्या भाला पेललेल्या हातात एकदम स्टिअरिंग आलं!

रिचर्ड मॅक्रीरी या रेजिमेंटचा अधिकारी. जन्म १८९८चा, आणि १९१५ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, तो फौजेत. दोन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, पायाला जबर जखम झाली, एका पायाची बोटं गेली आणि माणूस जन्मभर लंगडत चालला. पण चालताना लंगडणारा हा गडी खोगिरात बसला की कुणाला आटपायचा नाही. फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या नावाजलेल्या अडथळा-शर्यतीचा चषक त्याने दोनदा जिंकला. १९३५ ते १९३८ त्याच रेजिमेंटचा तो प्रमुख होता. तेव्हा तबेल्याच्या जागी गॅरेज आलेलं होतं.

घोडदळवाल्यांना यंत्र कळलंच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण चांगल्या घोडेस्वाराला एक गोष्ट आधीपासून येत असते: जमीन ओळखणं. कुठे पाय रुतेल, कुठल्या ओढ्याला उतार आहे, पाणी कुठे मिळेल. रणगाड्यालाही नेमकं हेच लागतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, तो कैरोला ऑकिनलेकचा, म्हणजे मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजांच्या सरसेनापतीचा, रणगाड्यांबाबतचा सल्लागार होता. ऑकिनलेकला रणगाडे पायदळाच्या डिव्हिजनांत वाटून टाकायचे होते. मॅक्रीरीने तोंडावर विरोध केला आणि नोकरी घालवून बसला. गंमत बघा, काही आठवड्यांतच खुद्द ऑकिनलेकही गेला. त्याच्या जागी आलेल्या अलेक्झांडरने मॅक्रीरीला आपला चीफ ऑफ स्टाफ केलं. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत शेवटचा घाव समुद्रकाठाने न घालता थोडा दक्षिणेला, जर्मन आणि इटालियन फळ्या जुळतात त्या सांध्यावर घालावा, या बदलामागे त्याचा आग्रह होता. श्रेय तिथल्या आठव्या आर्मीचा सेनापती माँटगोमेरी याने घेतलं. माँटगोमेरीकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच म्हणा!

पुढे इटलीत सालेर्नोच्या लढाईत तो कोअरचा, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या फौजेचा, कमांडर होता, ते सांगत बसत नाही. १९४४च्या शरदात तीच आठवी आर्मी त्याच्याकडे आली तेव्हा ती थकलेली, माणसं कमी पडलेली, आणि समोर इटलीतल्या एकामागून एक नद्या.

त्यातली सेनिओ नदी डोळ्यांपुढे आणा. पात्र अरुंद, पण दोन्ही काठांना वीस-वीस फुटांचे मातीचे बांध, आणि बांधाच्या पोटात खणून बसलेले जर्मन. ९ एप्रिल १९४५ला दुपारभर विमानं आणि तोफा बरसल्या. मारा थांबे. जर्मनांना वाटे, आता चढाई होणार. ते सावरून बसत, आणि पुन्हा मारा सुरू. असं अनेकदा झालं. अखेरीस संध्याकाळी विमानं आली ती नुसती हूल द्यायला. जर्मन बिळात दबून राहिले आणि पायदळ बांधावर चढलं.

त्या पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आणि तिच्यात शिपाई नामदेव जाधव. गाव निमज, तालुका संगमनेर, आपल्याच जिल्ह्यातलं. पाणी ओलांडताना त्याच्याबरोबरची तुकडी जवळजवळ संपली. दोन जखमींना त्याने एकेक करून पाण्यातून, खड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत फिरून तीन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकली, हातबॉम्ब फेकले. ते संपले तेव्हा सरपटत जाऊन आणखी आणले. शेवटी बांधावर उभं राहून त्याने मराठ्यांची रणगर्जना दिली आणि मागच्यांना हात करून बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण मॅक्रीरीची नजर उजवीकडे होती. कोमाक्किओचं सरोवर आणि जर्मनांनी मुद्दाम बुडवलेली शेतं, यांच्यामधून अर्जेंता गावाची चिंचोळी वाट जाते. तिथे त्याने पाण्यावर आणि चिखलातही चालणाऱ्या पट्ट्याच्या गाड्या आणल्या. महिन्याच्या सुरुवातीला सरोवरात पाणी इतकं कमी होतं की त्या रुतल्या. कमांडोंना होड्या चिखलातून ढकलत न्याव्या लागल्या. पुढच्या आठवड्यात बुडवलेल्या शेतांवरून मात्र त्या जर्मनांच्या बगलेत जाऊन पोहोचल्या.

अर्जेंताच्या पुढे धावायची वेळ आली तेव्हा सैनिकांना न्यायला ‘कांगारू’ होते, म्हणजे तोफ आणि बुरूज काढलेले रणगाडे. रणगाडे पायदळात वाटू नका म्हणून कैरोत नोकरी गमावलेल्या माणसाने इथे पायदळच रणगाड्यांच्या पोटात बसवलं होतं.